फोटोची पाठ

नागपूरच्या गांधीबागेत लग्नसराई ओळखायला पंचांग लागत नाही. कुही, भिवापूर, पवनीकडची मंडळी भरल्या गाड्यांनी उतरतात, दुकानांच्या गाद्यांवर साड्यांचे ढीग उलगडतात आणि सांजेला बस्ता बांधून माघारी जातात. वैनगंगेचं खोरं आणि हा कापडबाजार यांचं नातं असं पिढ्यांचं आहे. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा बस्ता इथूनच गेला होता. पुढे गाव धरणात गेलं आणि आम्ही याच बाजारामागच्या गल्लीत राहायला आलो.

मागच्या उन्हाळ्यात आत्या पुनर्वसनाच्या गावठाणातून आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत चाळीसेक फोटो, काही दमटपणानं एकमेकांना चिकटलेले. मी मांडवातला एक फोटो उचलला आणि वऱ्हाडी ओळखू लागलो. आत्यानं त्याच्या वरच्या कोपऱ्याशी अंगठा टेकवला. म्हणाली, "नवरदेव राहू दे. हे पाय, मांगं आपली विहीर दिसून राह्यली."

नखाएवढा तो कोपरा. विहिरीचा काठ, रहाट, कडुनिंबाखाली टेकवलेली बंडी आणि कमरेवर घागर घेऊन मांडवाकडे वळून पाहणारी एक बाई. फोटोग्राफरला यातलं काहीच टिपायचं नव्हतं. पण आज ती विहीर फक्त तिथेच उरली आहे.

डब्यातले बाकीचे बहुतेक फोटो शहरातल्या स्टुडिओतले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर महालाच्या पायऱ्या आणि हंसांचं तळं. फोटो काढून घेण्याचा प्रसंग आयुष्यात दोन-तीनदाच येई, तेव्हा माणसं आपलं उत्तम तेच पुढे करीत. धानाची बांधी, शेणानं सारवलेलं अंगण हे रोजचंच. त्याचा फोटो कोण काढणार? म्हणून त्या फोटोंत गाव शोधायचं तर पायांकडे पाहावं लागतं. एका फोटोत आमच्या आबाजींच्या अंगात कोट आहे आणि पाय अनवाणी, रोवणीच्या चिखलानं भेगाळलेले. पडदा काहीही सांगो, पाय खरं बोलतात.

आमचं गाव ज्यात गेलं त्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी राजीव गांधी यांच्या हस्ते 1988 साली झाली. धरणाला 33 दरवाजे आहेत आणि पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर ठरलेली आहे. नकाशावरच्या त्या रेघेखाली जे आलं, त्याचा पंचनामा झाला. घराचं क्षेत्रफळ मोजलं गेलं, आंब्याची, मोहाची झाडं गणली गेली, विहिरींची नोंद झाली. मोबदल्यासाठी ती नोंद आवश्यकच होती. पण विहिरीवर सकाळी कोण कोणाची वाट पाहत थांबे, मंडईच्या जत्रेला दंडारीचा खेळ कुठे उभा राही, हे लिहायला त्या कागदात रकाना नव्हता. तो रकाना भरणं हे आपलंच काम होतं आणि ते आपण केलं नाही, याची मला खंत आहे.

फोटो असला म्हणजे इतिहास जपला गेला, असं आपण मानून चालतो. पण नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत परका होतो. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ 1916 साली चार खंडांत निघाला. त्यातली छायाचित्रं आजही लक्षपूर्वक पाहावीत अशी आहेत. पण त्यांच्याखाली सहसा जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो. त्या माणसाला आई काय म्हणून हाक मारायची ते कळत नाही. आपल्या डब्यांतले फोटो कोरे ठेवून आपणही आपल्या माणसांना त्याच अवस्थेत सोडतो आहोत.

याच खोऱ्यातल्या आंभोऱ्याला, पाच नद्यांच्या संगमावर, मुकुंदराजानं 'विवेकसिंधु' रचला अशी इकडची परंपरा सांगते. स्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण ग्रंथातच शके 1110 असा काळ नोंदवलेला असल्यानं आपण 1188 हे साल धरून बोलू शकतो. एका ओळीच्या नोंदीचं बळ एवढं असतं.

आणखी एक गोष्ट त्या डब्यानं दाखवली. त्यातली घरं शेतीवाडीवाल्यांची. ढीवरांचा टोला, रोवणीला येणाऱ्या मजूर बाया त्यात जवळपास नाहीतच. यांतल्या कितीजणांचा पहिला फोटो 1993 नंतर मतदार ओळखपत्रासाठी निघाला असेल! माणूस गेल्यावर त्याच फोटोवरून मोठी प्रत काढून भिंतीवर लावलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. म्हणून गावाचा इतिहास फोटोंवरून लिहायचा तर आपल्या फोटोंच्या कडाही तपासाव्यात. ज्यांना कोणी कॅमेऱ्यासमोर बसवलं नाही, ती माणसं तिथे उभी असतात.

आम्ही तीन दुपारी बसलो. आत्या सांगायची, मी पेन्सिलीनं फोटोच्या पाठीवर लिहायचो. शाई उमटते, पेन्सिल टिकते. घागरवाल्या बाईचं नाव मात्र तिला आठवेना. "आपल्याकडं रोवण्याले यायची," एवढंच. मग आम्ही त्या मजूर बायांचा टोला धरणानंतर जिथे वसला तिथे गेलो. तिच्या नातवानं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्यांच्याकडे तिचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, म्हातारपणीचा. त्यानं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. मग त्यानं मोबाइलनं फक्त तो कोपरा टिपला.

आता त्याच्या घरात तो मोठा करून लावला आहे. मधोमध घागर घेतलेली तरणी बाई, शेजारी विहीर. आणि पार कडेला, ओळखू न येणारा, आमच्या मांडवाचा एक खांब.