फूल उचलायचं कुणी?

दोरीवरचा साप दिवा आणला की जातो. व्हीलॅन जात नाही. वेदान्ताशी माझं जे काही भांडण आहे ते एवढंच.

आधी काम सांगते. एका देवस्थानाचं भक्तनिवास, देणगी-पावत्यांचं कार्यालय आणि आवारातले कॅमेरे, सगळं एकाच स्विचवर होतं. खोलीत उतरलेल्या कुणीही लॅपटॉप जोडावा आणि त्याला हिशेबाचा कॉम्प्युटर दिसावा, अशी अवस्था. मी त्याच स्विचचे नंबर देऊन तीन वेगळे भाग पाडले, म्हणजे तीन व्हीलॅन केले: १० कार्यालयाला, २० भक्तनिवासाला, ३० कॅमेऱ्यांना. विश्वस्तांपैकी एक संस्कृतचे निवृत्त शिक्षक. रॅकपाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, डबा एक, तार एक. मग यात भिंत कुठाय?"

भिंत नाहीच. पोर्टातून फ्रेम आत आली की त्या पोर्टाला नेमून दिलेला नंबर तिला चिकटतो. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर तोच नंबर ४ बाइटांच्या टॅगमध्ये बसून जातो. त्यातले १२ बिट नंबराचे, म्हणजे ४०९६ आकडे. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. पलीकडे अ‍ॅक्सेस पोर्टातून बाहेर पडताना टॅग काढून घेतात, त्यामुळे कॉम्प्युटरला आपला व्हीलॅन कधी कळतच नाही. "हा पत्ता कुणाचा?" अशी तो सगळ्यांना हाक मारतो आणि ती फक्त त्याच्याच नंबराच्या पोर्टांवर पोचते. बोटभर अंतरावरच्या शेजाऱ्याला गंधही नाही. फ्रेमच्या आत काय लिहिलंय हे कुणी बघत नाही; कुठल्या दारानं आत आलात, त्यावर सगळं ठरतं. असा नंबर आपल्याकडे माणसांना शतकानुशतकं लावला गेला, आणि तो बाहेर पडतानाही निघत नसे.

सर खूश झाले. "ही तर शुद्ध उपाधी! घटातलं आकाश, मठातलं आकाश. भेद व्यवहारापुरता, परमार्थात एकच." मी म्हटलं, मग मध्वाचार्यांचं काय करायचं? ते तर पाच भेद मोजून देतात आणि पाचही खरे म्हणतात. "त्यांना तुमचा स्विच दाखवायला हवा होता," सर हसले.

पण मला मध्वाचार्यांइतकंच शंकराचार्यांनाही विचारायचं होतं. बंध अज्ञानानं झालेला, म्हणून तो ज्ञानानंच तुटतो, कर्मानं नाही, हा त्यांचा आग्रह. इथे तर भेद मीच लिहिलाय. तो केवळ आकडा आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी भक्तनिवासातून कार्यालयाच्या कॉम्प्युटरला पिंग केलं की उत्तर येत नाही. माझ्या ज्ञानाची स्विचला पर्वा नाही. सरांकडे उत्तर तयार होतं: हा सोपाधिक भ्रम. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक लाल दिसतो. तो लाल नाही हे कळलं तरी दिसतोच, लाली फूल उचलल्यावरच जाते. उत्तर चोख आहे. पण फूल उचलायला हात लागतो, आणि ते काम ज्ञानाच्या खात्यात कसं टाकायचं, हे मला अजून पटवून कुणी दिलेलं नाही.

आपल्याकडचा हिशेब तर उघडच आहे. सर्वांभूती एकच, हे कीर्तनातून ऐकत आपण पिढ्यान्‌पिढ्या माना डोलावल्या. अस्पृश्य ठरवलेल्या चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरच्या देवळाबाहेर, पायरीशी. अस्पृश्य ठरवलेल्यांना ते दार उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. भेद मिथ्या आहे हे सिद्ध करायचं तेव्हा काहीच उरलं नव्हतं. उरली होती ती एक ओळ, कुणीतरी खोडायची.

आणि सरसकट खोडूनही भागत नाही. प्रत्येक व्हीलॅनला स्विचवर एक पत्ता दिला, १९२.१६८.१०.१, २०.१, ३०.१, आणि रूटिंग सुरू केलं. त्या क्षणी तिघांची एकमेकांकडे जाण्याची वाट मोकळी झाली. बाकी सगळं राउटरकडे, असा डिफॉल्ट रूटही लिहिला. तरी भक्तनिवासात इंटरनेट येईना. नेहमीचंच: पॅकेट बाहेर जातं, पण २० चं नेटवर्क स्विचच्या मागे आहे हे राउटरला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून उत्तर दारापर्यंत येऊन भरकटतं. राउटरवर परतीचे रूट घातले, नॅटमध्ये ही नेटवर्कं धरली, चालू झालं. पण आता हिशेबाचा कॉम्प्युटर पुन्हा सगळ्यांना खुला. मग अ‍ॅक्सेस लिस्ट: २० कडून १० ला मनाई, २० कडून ३० ला मनाई, बाकी जाऊ द्या.

ही मनाई मी डोळे उघडे ठेवून घातली आणि तिची मला लाज वाटत नाही. पावत्यांत देणगीदारांची नावं, फोन नंबर असतात. ज्याला अडवलं त्याच्या तोंडावर हे कारण सांगता येतं. देवळाच्या दारावरची मनाई अशी कधी सांगता आली नाही. तिथे शास्त्राकडे बोट दाखवायचे.

सरांनी शेवटी एक मागणी केलीच. गाभाऱ्याचा कॅमेरा भक्तनिवासाच्या टीव्हीवर दिसावा, म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळलेली ओळ लागू होते, म्हणून त्या एका कॅमेऱ्याची परवानगी मनाईच्या वर घातली. प्रत्येक ओळीआधी रिमार्कमध्ये विश्वस्तांच्या ठरावाचा क्रमांक टाकला, म्हणजे पुढे कुणाला ती काढायची झाली तर कुणाला विचारायचं ते कळेल.