सोय आणि अट

एखादी वस्तु सोयीची आहे, एवढ्यावरून ती सर्वांस मिळालीच पाहिजे असें कोणी म्हणणार नाहीं. मोटार सोयीची आहे. परंतु ती प्रत्येकाच्या दारीं उभी करणें हें सरकारचें कर्तव्य होय, असें आम्ही मानीत नाहीं. मग मोबाइलवर मिळणारें इंटरनेटच तेवढें निराळें कां मानावें? सुशिक्षित मंडळींत हा प्रश्न पुष्कळदां ऐकूं येतो, आणि तो सहज टाकून देण्याजोगा नाहीं.

नाशिक शहरांत भाजीवालाहि मोबाइलवर पैसे घेतो, आणि घटकाभर रेंज गेली तरी आपण त्रासून जातों. परंतु याच जिल्ह्यांतील सुरगाणा व पेठ या डोंगरी तालुक्यांकडे वाचकांनीं दृष्टि वळवावी. या सेवेच्या लहरींस डोंगर ओलांडवत नाहीं. तो आडवा आला कीं पलीकडची दरी मुकी राहते. टॉवरचा खर्च दहा घरांसाठीं केला म्हणून कमी होत नाहीं. म्हणून कंपनी जेथें गिऱ्हाईक दाट, तेथें आधीं जाते. यांत तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो व्यापाराचा स्वभावच आहे.

परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशीं ५ किलो धान्याचा हक्क दिला. तें घेतांना रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रावर आंगठा टेकावा लागतो, आणि आंगठा त्याच माणसाचा आहे कीं नाहीं, हें यंत्र मोबाइलच्या नेटवर्कवरून ताडून पाहतें. रेंज नसेल तर माणूस समोर उभा, धान्य मागें रचलेलें, आणि हक्क मध्येंच अडलेला! नियमांत अपवादाची तरतूद असते, हें खरें. परंतु अपवादासाठीं विनवणी करावी लागते, हक्कासाठीं करावी लागूं नये. २०२० सालीं शाळा बंद होऊन धडे मोबाइलवर आले, तेव्हां डोंगरकपारींतील कितीएक मुलांची गत अशीच झाली. सोय होती तोंवर प्रश्न बाजाराचा होता. तिची अट झाली, आणि प्रश्न न्यायाचा झाला.

यंत्रामुळें खोटीं नांवें गळतात, असा यावर आक्षेप येईल. हा लाभ आम्हांस मान्य आहे. परंतु लबाडी एकानें करावी आणि खरेपणाचा पुरावा देण्यासाठीं पायपीट दुसऱ्यानें करावी, हा कोणता न्याय? आमच्या मतें येथें नियम एकच असावा: ज्यानें अट घातली, त्यानें साधन पुरवावें, आणि साधन पोहोंचेपर्यंत जुनी वही व सही तितक्याच मानानें चालूं द्यावी.

हें तत्त्व सरकारास अमान्य आहे असेंहि नाहीं. दुर्गम भागांतील सेवेसाठीं कंपन्यांच्या उत्पन्नाचा कांहीं अंश २००२ पासून निराळा काढला जातो. २०२२ सालीं २४,६८० वंचित खेड्यांस फोर-जी देण्याची योजना मंजूर झाली. आणि इंटरनेट मिळणें हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला. उणीव आहे ती क्रमाची: अट आधीं पोहोंचते, साधन मागून येतें.

२०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरील कांहीं गांवांनीं, सोयी मिळत नाहींत म्हणून, गुजरातेंत जाण्याची मागणी केली. ती ऐकून शहरांत पुष्कळांस राग आला. आपल्या रांगा यंत्रांनीं आंखूड केल्या, त्याच यंत्रांनीं त्या लोकांची वाट किती लांबविली, याचाहि हिशेब त्या रागाबरोबर आपण मांडावयास हवा होता.