दळण आणि अदृष्ट

हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर नवा घरी आला की पट्टीचे हौशी लोक त्यातली पहिली कॉफी पीत नाहीत. आत पोलादाचा दातेरी शंकू दातेरी कड्यात फिरतो. यंत्रावर कापलेल्या त्या दात्यांच्या कडांना बारीक खरखर उरलेली असते. ती बियांशी घासून जाईपर्यंत भुकटी एकसारखी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिठासारख्या कणांतून कडूपणा उतरतो, जाड कण आंबट राहतात आणि दोन्ही चवी एकाच कपात भांडत बसतात. म्हणून जुन्या, स्वस्त बियांचं किलोभर दळण आधी काढायचं आणि टाकून द्यायचं. याला ‘सीझनिंग’ म्हणतात. कोणी बियांऐवजी तांदूळ घालतात, तर काही उत्पादक तसं करू नका म्हणून बजावतात.

एका वेळी वीस ग्रॅम बिया मावतात असं धरलं, तर किलोसाठी पन्नास वेळा भरून दळावं लागतं. खांदा बोलायला लागतो. मग काही जण दांडा काढून तिथे ड्रिल मशीन जोडतात आणि काम उरकून टाकतात. दुसऱ्या दिवसापासून मात्र हीच माणसं दांडा परत लावून रोज सकाळी हातानेच दळतात. विजेचा ग्राइंडर तेवढीच पूड काही सेकंदांत देतो, हे त्यांना ठाऊक असतं. काल ड्रिल चालत होतं, मग आज का नाही?

हा प्रश्न ऐकून एखादा मीमांसक, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणारा शास्त्री, खूश झाला असता, कारण जवळजवळ हाच प्रश्न त्याच्या शास्त्रात फार जुना आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या दर्शपूर्णमास यागात पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या भाकरीसाठी, भात लागतो आणि तो उखळात कांडून सडावा असं विधान आहे. साल काढणं एवढाच हेतू असेल तर ती नखांनी सोलूनही निघेल. तांदूळ तोच, पुरोडाश तोच. मग कांडण्याचाच हट्ट कशाला?

मीमांसकांनी याचं उत्तर ‘नियमविधी’ या संज्ञेत बसवलं. काम साधायचे मार्ग अनेक असतात, माणूस त्यांतला कुठलाही धरू शकतो. विधी त्यांतला एकच पक्का करतो. साल निघणं हे दृष्ट फळ, ते कसंही मिळेल; पण ठरलेल्या रीतीनेच ते मिळवल्यावर आणखी काहीतरी निपजतं. डोळ्यांना न दिसणारं म्हणून त्याला अदृष्ट म्हणायचं. युक्तिवाद चलाख वाटतो, पण तो मोकाट सोडलेला नाही. काही यागांमध्ये धान्याच्या जागी सोन्याचे बारीक मणी शिजवायचे असतात. मण्यांना साल नसते, तेव्हा तिथे कांडणं गळतं. दृष्ट हेतूच उरला नाही तर नुसत्या रीतीसाठी मुसळ उचलायचं नाही, इतके हे लोक हिशोबी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने काढलेल्या केवलानंद सरस्वतींच्या सात खंडांच्या ‘मीमांसाकोशा’त असा काथ्याकूट पानोपानी भेटतो.

कांडण्याआधी त्याच भातावर पाणी शिंपडायचं असतं. या प्रोक्षणाने भाताचं दिसण्यासारखं काहीच होत नाही, म्हणून त्याचं फळ सगळंच अदृष्टाच्या खात्यात. गंमत अशी की हातग्राइंडरवालेही दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ सोपस्कार वाटेल. पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थेंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारेही होते. दळताना बिया फुटतात, घासतात आणि पुडीवर स्थिर विद्युतभार साचतो. तिचे गोळे होतात, ती भांड्याला चिकटते. ओलाव्याने हा भार घटतो. म्हणजे हे प्रोक्षण शंभर टक्के दृष्ट निघालं.

रोजच्या हातदळणाचं मात्र तसं नाही. मीमांसक इथे निष्ठुर होईल. अदृष्टाला वेदाचा आधार लागतो आणि कॉफीबद्दल वेदात अक्षर नाही. तेव्हा हाताने दळलं म्हणून पुण्य वगैरे काही लागत नाही. पूड सारखी असेल तर दोन्ही ग्राइंडर सारखे. माणसाने स्वतःपुरता नियम घालून घेतला आहे, एवढंच. त्यात वाईट काही नाही. उपास करणारा तरी दुसरं काय करतो? फक्त त्याला साधना म्हणण्याआधी एक चौकशी करावी: दांडा कोण फिरवतं?

कारण यागातही हा हिशोब सरळ नव्हता. यागाची कृती सांगणारं आपस्तंबांचं श्रौतसूत्र कांडलेले तांदूळ दळण्याचं काम दासीकडे किंवा यजमानाच्या पत्नीकडे देतं. यागाचं फळ यजमानाचं, हा मीमांसेचा सिद्धान्त. दासीला त्यात वाटा नाही. महाराष्ट्राला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईच्या जात्याला हात लावायला विठ्ठल येतो, अशी इथली श्रद्धा आहे. दळणाचं ओझं एका बाईला झेपण्यापलीकडचं होतं, हे त्या कथेने गृहीतच धरलंय. पुढे गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं कोपऱ्यात सारलं. त्या वेळी हातदळणाच्या साधनेबद्दल कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

हातग्राइंडरच्या बाजूने बोलण्यासारखं आहे ते इथेच. सकाळी एकटा माणूस स्वतःच्या कपापुरतं दळतो तेव्हा राबणारा तोच आणि पिणाराही तोच. वाट्याचा प्रश्नच येत नाही. अडचण रविवारी होते, जेव्हा चार पाहुणे येतात आणि ग्राइंडर चारदा भरावा लागतो. दोन कप झाल्यावर यजमान बियांच्या जातीवर, भाजण्याच्या तऱ्हेवर रंगात येऊन बोलू लागतो आणि बोलता बोलता ग्राइंडर स्वयंपाकघराकडे पुढे करतो, ‘जरा फिरवतेस का?’