ऊन पाण्याचे स्नान

ऊन पाण्याने नाहल्यास पुण्य उणे होते काय, असे पुष्कळ जण विचारतात. नृसिंहवाडीस पावसाळ्यात पादुकांवरून वाहत आलेल्या गार, गढूळ पाण्यात लोक दक्षिणद्वारी आनंदाने नाहतात. आणि मार्गशीर्षातल्या पहाटे तिथेच संगमावर उतरून पाहा! काठावर दात वाजतात, पण पाण्यात पाय टाकावा तो ते कोमटसे लागते. हवा रात्रीत लवकर निवते, पाणी सावकाश. असे न मागता मिळालेले सुख नाकारून कोणते तप साधणार?

ज्या घरी अजून बंब पेटतो तिथले मात्र निराळे. तो काही आपोआप तापत नाही. आपण पांघरुणात असतो, अन् सून चारला उठून धुरात फुंकर घालीत असते. पुण्याचा हिशेब मांडायचाच तर तिथे मांडावा. उद्या पेटवावयास कोण उठणार, तेही आजच ठरवावे.