बारा पदार्थ आणि एक रिकामे ताट

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात शिकागो शहरातील एका धर्मग्रामात सहा आठवडे राहण्याचा योग आम्हांला आला. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते. त्यांच्या जागी रोजची मिस्सा, पापनिवेदन आणि आजाऱ्यांच्या भेटी ही कामे आम्ही पाहत होतो. धर्मग्राम मूळचे पोलिश लोकांचे. वेदीच्या उजव्या हाताला चेन्स्तोहोवाच्या सावळ्या मातेचे चित्र, खिडक्यांच्या रंगीत काचांखाली दानशूर कुटुंबांची पोलिश नावे, कोनशिलेवरील अक्षरेही पोलिश. मात्र रविवारी बाकांवर बसणाऱ्यांपैकी निम्मी कुटुंबे मेक्सिकोतून आलेली होती. इमारत एकांची आणि गर्दी दुसऱ्यांची, असा तो प्रकार होता.

ऑगस्टमध्ये तेथे पोलिश वारशाचा उत्सव भरला. चर्चच्या अंगणात पांढऱ्या-तांबड्या पताका लागल्या, मुलींनी क्राकूवकडचे भरतकाम केलेले पोशाख घातले आणि खाद्यपदार्थांच्या मांडवांपुढे कूपन हातात घेतलेल्या माणसांच्या रांगा लागल्या. आपल्या करंजीची बहीण शोभेल अशी, बटाटा व चीज किंवा कोबी व अळंबी यांचे सारण भरून उकडलेली पिएरोगी. कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवलेली व ‘छोटी कबुतरे’ असे लाडके नाव मिळालेली गुंडाळी. आंबवलेली कोबी आणि नाना प्रकारचे मांस दोनदोन दिवस रटरटवून केलेला बिगोस. धुरी दिलेली सॉसेजेस आणि पोटात गुलाबाचा मुरंबा दडवलेली, तळलेली गोल पोंच्की. आम्ही सर्व काही थोडेथोडे खाल्ले आणि बिगोस दोनदा मागून घेतला, हे वाचकांपासून लपवीत नाही.

त्या दिवशी दोन वाक्ये आमच्या कानांवर पडली. ती अजून आमचा पिच्छा सोडीत नाहीत. ऐंशीच्या घरातील एक आजोबा मांडवाकडे पाहत म्हणाले, “फादर, आमची भाषा गेली, तरुण मुले मिस्सेला येईनाशी झाली, उरले ते पोट. याला आम्ही वारसा म्हणतो.” थोड्या वेळाने आम्ही चर्चच्या तळघरातील स्वयंपाकघरात गेलो. तेथे दहा-बारा स्त्रिया पहाटेपासून पीठ मळीत होत्या. त्यांतील एकीला आम्ही आजोबांचे बोलणे सांगितले. तिने हातातल्या पिएरोगीची कड चिमटीने दुमडीत शांतपणे उत्तर दिले, “पोटात उरले म्हणून तरी उरले, फादर.” तिच्या शेजारी बसून तितक्याच सफाईने कड दुमडणारी बाई मेक्सिकोची होती.

कोणाचे खरे? वारसा पदार्थांत उरतो काय? आणि उरत असेल, तर तो नेमका कोणाचा असतो?

अन्नाचा वारसा क्षुल्लक मानणाऱ्यांनी पोलंडचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांनी पोलंडचा उरलासुरला लचका वाटून घेतला आणि पुढे १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, हा देश नकाशावर नव्हता. १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावी शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मनमधून उत्तरे देण्याचे नाकारले. मुलांना छड्या बसल्या, निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगवास घडला. शाळेवर, न्यायालयावर, छापखान्यावर सरकारचा पहारा बसू शकतो. चुलीवर तो बसणे कठीण. जे शाळेत बोलता येत नव्हते, ते घरात आईच्या हातून ताटात पडत होते. पवित्र शनिवारी अंडी, पाव, मीठ आणि सॉसेज यांची टोपली चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून आणायची, ही रीत कोणत्याही फर्मानाने मोडली नाही.

चवीत माणसाचे बालपण साठवलेले असते. १९९९ साली पोप दुसरे जॉन पॉल आपल्या जन्मगावी, वादोवित्सेला गेले, तेव्हा चौकात जमलेल्या अफाट समुदायासमोर त्यांना शालान्त परीक्षेनंतर मित्रांसह खाल्लेल्या मलईच्या केकची आठवण झाली. जगभरच्या ख्रिस्तसभेचा भार वाहणाऱ्या त्या थकलेल्या वृद्धाने ती आठवण मोकळेपणाने सांगितली आणि सारा चौक हसला. त्या हसण्यात थिल्लर असे काहीच नव्हते. तेव्हा तळघरातील त्या बाईचे म्हणणे आम्हांला मान्य आहे.

तथापि आजोबांचा आक्षेप तेवढ्याने संपत नाही. चव जपली म्हणजे वारसा जपला असे होत नाही. ‘हे आमचे’ असे म्हणताना ‘हे तुमचे नव्हे’ असा एक सूर हळूच मिसळतो. म्हणून जरा खोलात जाऊन विचारावे: ते ‘आमचे’ म्हणजे कोठून आले?

पोलंडमध्ये सूपसाठी लागणाऱ्या गाजर, सेलरी, लीक अशा भाज्यांच्या जुडीला जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘इटलीकडचे’ असा होतो. १५१८ साली इटलीहून राणी होऊन आलेल्या बोना स्फोर्झा हिने या भाज्या रूढ केल्या, अशी तेथील लोकांची समजूत आहे. बटाटा तर अमेरिका खंडातून आला. आज त्याच्यावाचून पोलिश स्वयंपाकाची कल्पना करवत नाही. अंगणात ज्या पोल्का नृत्यावर सारे थिरकत होते, त्याचा जन्म बोहेमियातला. टोमॅटो आणि मिरची देणाऱ्या मेक्सिकोची लेक शिकागोच्या तळघरात पिएरोगी दुमडते, यात म्हणूनच नवल काहीच नाही. परक्याला घरात घेतले, त्याला आपला मानले आणि पुढे तो परका होता हे विसरून गेलो, असा बहुतेक वारशांचा इतिहास असतो. विसरण्याच्या या शेवटच्या पायरीवरच नैतिक प्रश्न उभा राहतो.

पोलिश कुटुंबे नाताळच्या आदल्या रात्री आकाशात पहिली तारका दिसल्यावर जेवायला बसतात. टेबलावरील कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत ठेवतात. जेवण मांसाविना, आणि पदार्थ रूढीप्रमाणे बारा: बीटाचे सार, मासे, कोबी-अळंबीची पिएरोगी, सुक्या फळांचे गोड पेय, पूर्वेकडच्या घरांत गहू, मध आणि खसखस यांची खीर. घास घेण्यापूर्वी ओस्तीसारखी एक पातळ पापडी हाती घेतात. ती मिस्साबलीत अर्पण केलेली नसते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो, शुभ चिंतितो आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. आणि टेबलावर एक ताट जास्तीचे मांडलेले असते. ते अनपेक्षित पाहुण्यासाठी असते आणि कुटुंबातून गेलेल्यांच्या स्मरणार्थही असते.

या टेबलावर अनेक घरांतून जो मासा येतो, त्याचे नाव ‘ज्यू पद्धतीचा मासा’ असे आहे: मनुका आणि बदाम घातलेला, गोडसर, थंड करून थिजवलेला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तीस लाखांहून अधिक ज्यू राहत होते. नाझी राजवटीने त्यांतील सुमारे तीस लाख मारले. पाककृती टेबलावर आली. ती देणारे शेजारी येऊ शकत नाहीत. ज्या घरात हे नाव आजही तसेच उच्चारले जाते, तेथे त्या शेजाऱ्यांची एक लहानशी तरी आठवण उरते. नाव गाळून नुसता मासा वाढला तर चव तीच राहील, परंतु काहीतरी चोरल्यासारखे होईल.

या टेबलाचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत पोचतो. १९४० साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना घराबाहेर काढून सैबेरिया आणि कझाकस्तानला धाडले. १९४१ च्या करारानंतर जे सुटले, त्यांतील काही इराणमार्गे भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, आणि १९४३ पासून कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे, सुमारे पाच हजारांची छावणी उभी राहिली. तीत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. छावणीत चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता. पंचगंगेच्या परिसरातील त्या बराकींतही डिसेंबरात पहिली तारका उगवत होती. त्या रात्री अनपेक्षित पाहुणे स्वतः तेच होते, आणि ताट मांडणारी भूमी आपली होती. ज्या १९४३ साली ही छावणी वसली, त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ताटाचे मोल कळते.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बहुतेकांचे गाव सोव्हिएत हद्दीत गेले होते. ते इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. आजची गांधीनगरची गजबजलेली कापडपेठ ती हीच. एकाने सोडलेली जागा दुसऱ्या निर्वासिताला मिळाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारकापुढे आम्ही एकदा बराच वेळ उभे होतो. शिकागोच्या उत्सवात आम्ही वळिवड्याचे नाव काढले तेव्हा ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांलाही ते पन्नाशीजवळ आल्यावरच कळले.

रिकाम्या ताटाची परीक्षा मात्र दरवर्षी नव्याने होते. २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा लाखो स्त्रिया-मुले सीमा ओलांडून पोलंडमध्ये आली आणि सामान्य कुटुंबांनी आपल्या घरांची दारे उघडली. त्याआधी अवघे काही महिने, २०२१ च्या हिवाळ्यात, बेलारूसच्या सीमेवरील जंगलात मध्यपूर्वेतून व आफ्रिकेतून आलेली माणसे गारठत होती. त्यांना मागे लोटले गेले, काही तेथेच मेली. त्याच सीमेवरील काही घरांनी मात्र ‘येथे मदत मिळेल’ अशी खूण म्हणून खिडकीत हिरवा दिवा लावला. देश तोच आणि रूढीही तीच होती. सीमेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ताट मांडताना आपण पाहुण्याचा चेहरा आधीच ठरवून ठेवतो काय, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती घराला चुकवता येणार नाही.

दुसऱ्यांच्या अंगणाविषयी इतके लिहिल्यावर आपल्या अंगणाविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या एका धर्मग्रामात नाताळनिमित्त खाद्यमेळा भरला होता. आपले पारंपरिक पदार्थ, आपली गाणी, सारे काही होते. शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर काम करणारे एक परप्रांतीय कुटुंब फाटकातून आत आले. मुलगा मांडवापाशी जाऊन उभा राहिला. स्वयंसेवकाने कूपन मागितले. ते कुटुंब काही न बोलता परत फिरले. आम्ही दहा पावलांवर उभे होतो, सारे पाहत होतो. पाहुण्यांशी बोलण्यात गुंतलो आहोत असे आम्ही आम्हांलाच भासवले. स्वयंसेवकाने नियम पाळला, त्याची चूक नव्हती. रिकामे ताट मांडण्याचे काम धर्मगुरूचे होते.

‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने टोपली भरून आणावी, वेदीपुढे ठेवावी, आणि मग काय बोलावे? आमची जमीन सुपीक, आमचे धान्य उत्तम, असे नव्हे. आपला पूर्वज भटका होता, परदेशी गुलामीत खितपत पडला होता आणि देवाने त्याला सोडवून आणले, ही गोष्ट त्याने मोठ्याने सांगायची असते. त्यानंतर आनंद करायचा, आणि त्या आनंदात गावातल्या परक्याला सामील करून घ्यायचे. आम्हांला वाटते, वारशाच्या कोणत्याही उत्सवाला याहून चांगला नियम सापडणार नाही. टोपली भरा, भटकंतीची गोष्ट सांगा, आणि परक्यासह जेवा. यांतील पहिली गोष्ट आपण उत्साहाने करतो. दुसरी विसरतो. तिसरीला कूपन लावतो.

अशा रीतीने पाहिले तर वारसा ही मालमत्ता ठरत नाही, ते ऋण ठरते. मालमत्ता कुलुपात ठेवता येते. ऋण फेडावे लागते, आणि मूळ सावकार हयात नसला तर दारात उभ्या राहिलेल्या पुढच्या माणसाला फेडावे लागते. वळिवड्याचे ऋण शिकागोचे आजोबा आम्हांला कसे फेडणार? ते त्यांनी मेक्सिकोच्या शेजारणीला फेडावे. आणि तळघरात ते काही अंशी फेडले जात होते, हे आजोबांच्या ध्यानात आले नव्हते एवढेच. निघण्यापूर्वी आम्ही त्यांना जिना उतरवून खाली नेले. त्या बाईने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली, पिठाचा एक गोळा ठेवला आणि कड कशी दुमडावी ते त्यांना दाखवू लागली. आजोबांना ती कला कधी आलीच नव्हती. त्यांच्या घरी हे काम त्यांच्या आईचे होते.

येत्या नाताळात आमच्या धर्मग्रामाच्या मेळ्यात एक मांडव कूपनाविना ठेवायचे आम्ही ठरवले आहे. खर्चाचे गणित अद्याप जुळलेले नाही, आणि खजिनदारांची नाराजीही आम्ही समजू शकतो. परंतु तो मुलगा आता मोठा झाला असेल आणि कोठे असेल कोण जाणे. त्याचे ताट त्याच्यानंतर येणाऱ्या कोणाला तरी वाढणे एवढेच आमच्या हाती उरले आहे.