कच्चे मडके, पक्के मडके

गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतांची डोकी थापटली आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो नि हसतो. पण कच्च्या मडक्याचा आवाज बद्द आणि पक्क्याचा खणखणीत, हे ज्ञान कुंभाराचे. ते नसते तर कथेला अर्थच उरला नसता. तेरच्या त्या थोर भक्ताने माती कुठली घेतली, आवा कसा रचला, हे मात्र आपल्यापर्यंत आले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, कारागिरीचा अभ्यास करणाराला हात देणे हेही दानच. यावर भाविक विचारतात, "महाराज, भुकेल्याला अन्न द्यावं, की कागद काळे करणाराला पैसे?" प्रश्न खरा आहे, उडवून लावण्याजोगा नाही.

पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये उमरोळी लागते. या मुलखातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर चौक काढीत आल्या. 'चौक लिहिणे' म्हणतात ते, बरं का! सारवलेली गेरूची भिंत, तांदळाचे पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, आणि मधोमध पालघाट देवी. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी तिथे कागद नेला. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे देशोदेशी गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि कित्येक चुलींना त्या चित्रांचा आधार झाला. तेव्हा अन्न आणि कागद यांचे वैर नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या सवाशिणींनी भिंती लिहिल्या, त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? आणि तीच चित्रे कपांवर, साड्यांवर छापून पैसा करणारे तिसरेच!

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिला, म्हणून बलुतेदारांचा व्यवहार आज आपल्याला वाचता येतो. तसा माणूस हवा. पण आमची अट आहे. त्याने पाड्यावर राहावे. सांगायला बसणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये. तिचे नाव लिहावे, आणि मराठीत छापलेली एक प्रत तिच्या घरात ठेवावी. दोन दिवसांत फोटो काढून जाणाराला भाकरी जरूर वाढावी, पैसा देऊ नये.

एखाद्या दिंडीने अशा एका अभ्यासकाचा एका लगीनसराईपुरता शिधा उचलला, तरी काम सुरू होईल.