पक्षी सोडण्याचं पुण्य

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



जानेवारीत लेकीबरोबर थायलंडला जाऊन आले. टूरबरोबर नाही, पाठीवर सॅक टाकून! चोपन्नाव्या वर्षी हे काय सुचलं, असं घरातल्या सगळ्यांचं विचारून झालंय, तेव्हा तुम्ही विचारू नका. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेने चिआंग माईला गेलो, आठ जणींच्या खोलीत वरच्या बर्थवर झोपलो, घरून नेलेल्या दशम्या पाच दिवस पुरवल्या. बाकी स्थळवर्णन करत नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाही, तेवढीच लिहिते.

तिथे पहाटे भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात. रस्त्याच्या कडेला बायका भात, भाजी, फळं घेऊन थांबलेल्या असतात. पात्रात अन्न घालायचं, हात जोडून बसायचं, भिक्षू आशीर्वाद देऊन पुढे जातो. मला आपली माधुकरी आठवली, डोळे भरून आले. आणि तेवढ्यात शेजारच्या बाईने पात्रात तळलेल्या कोंबडीची पिशवी ठेवली. मी चमकलेच. ज्यांच्या पंचशीलात पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, त्यांच्या पात्रात हे?

लेक म्हणाली, "आई, चेहरा नीट कर, ते बघतायत."

आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंना थोडं इंग्रजी येत होतं, त्यांना मी विचारलंच. भिक्षूने आवडनिवड करायची नाही, मिळेल ते घ्यायचं. पण मांसाला एक अट आहे आणि ती बुद्धांच्या काळापासूनची मानतात. तो जीव आपल्यासाठी मारलेला भिक्षूने पाहिलेला नसावा, तसं ऐकलेलं नसावं, आणि तशी शंकासुद्धा त्याच्या मनात नसावी. मला आधी ही पळवाटच वाटली. आपण शाकाहारी लोक असा निकाल फार पटकन देतो!

त्याच दिवशी दुपारी एका देवळाबाहेर छोट्या छोट्या वेताच्या पिंजऱ्यांत मुनियासारखे पक्षी विकायला होते. विकत घ्यायचे आणि सोडून द्यायचे, म्हणजे पुण्य लाभतं. मी लगेच शंभर बाट काढले. मनातल्या मनात महाराजांचं नाव घेतलं, पिंजऱ्याचं दार उघडलं. दोन पक्षी भुर्रकन उडाले. एक बाहेर येईचना, त्याला बोटाने ढकलावं लागलं. तो समोरच्या भिंतीवर जाऊन बसला, पंख फुगवून. लेकीने फोटो काढला नाही. म्हणाली, "आई, तू घेणार म्हणूनच त्यांना पकडलं ना? आणि हा जो भिंतीवर बसलाय, त्याला संध्याकाळी परत धरतील."

मला राग आला. सोडणाऱ्याचा भाव बघायचा असतो, वगैरे मी तिला ऐकवलं. पण रात्री झोप येईना. सकाळी ज्या अटीला मी पळवाट म्हटलं होतं, तीच माझ्यासमोर उभी राहिली. हा जीव माझ्यासाठी धरला, अशी शंका मला आली होती का? खरं सांगायचं तर पैसे काढतानाच आली होती. मी ती बाजूला सारली, कारण पुण्य हवं होतं. कोंबडी घेणाऱ्या त्या भिक्षूला निदान विचारायचा नियम तरी आहे. मी तर विचारलंच नाही.

इंदूरला परत आल्यावर हे विसरले असते. पण मागच्या गुरुपौर्णिमेची गोष्ट आठवली. महाप्रसादाच्या सेवेला मला सकाळी सहाला पोचायचं होतं. घरी सासूबाईंचं पथ्याचं जेवण, पाहुणे. आमच्या कामाच्या बाईंनी त्या दिवशी सुट्टी मागितली होती, त्यांच्याकडेही गुरूंची पूजा असते. मी म्हटलं, एवढा एक दिवस या, नंतर दोन सुट्ट्या घ्या. त्या म्हणाल्या, "भाभी, आप तो पुण्य करने जा रही हो, आ जाऊँगी।" पहाटे पाचला आल्या. मी दिवसभर पंगती वाढल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांच्या घरी पूजा झाली की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नव्हतं.

परवा विचारलं. पोळ्या लाटता लाटताच त्या म्हणाल्या, "शाम को कर ली थी, भाभी." मग थोडं थांबून, "बच्चे सो गए थे तब तक."

या वर्षी सेवेच्या यादीत माझं नाव सकाळच्या पाळीत आहे. संयोजक ताईंना मी निरोप पाठवला आहे की मला दुपारची पाळी चालेल, सकाळी घरचा स्वयंपाक मीच करीन. पाळी बदलून मिळेल की नाही, अजून उत्तर आलेलं नाही. सकाळी माणसं कमी पडतात, हे मलाही ठाऊक आहे. कोणी अदलाबदल करणार असेल तर कळवा.

॥ जय गुरुदेव ॥